सहावी की सातवी?

विदर्भात आणि सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल हा आजार अनेक घरांनी सोसलेला आहे. रक्तातल्या हिमोग्लोबिन या प्रथिनाच्या बीटा साखळीत एकाच ठिकाणी एक अमिनो आम्ल बदलते. ग्लुटामिक आम्ल जाते, तिथे व्हॅलिन येते, आणि तेवढ्याने तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन रक्तवाहिन्यांत अडकू लागतात. व्हर्नन इनग्रॅम यांनी हा बदल केंब्रिजमध्ये 1956-57 च्या सुमारास शोधला. पण साखळीतली ही जागा कितवी? वैद्यकाची जुनी पुस्तके सहावी म्हणतात. जनुकतपासणीच्या आजच्या रीतीने लिहिलेला अहवाल सातवी म्हणतो. दोन्ही बरोबर आहेत. पेशी ही साखळी विणायला घेते तेव्हा पहिले अमिनो आम्ल मेथिओनिन असते आणि नंतर ते छाटले जाते. इनग्रॅम यांच्यापुढे रक्तातले तयार प्रथिन होते, त्यात मेथिओनिन उरलेलेच नव्हते. जनुकावरून मोजणारा ते धरून मोजतो.

डॉक्टर हा एकाचा फरक मनातल्या मनात सांभाळून घेतात. संगणकाला तो सांगावा लागतो, आणि तो प्रत्येक प्रथिनासाठी, प्रत्येक जागेसाठी वेगळा सांगावा लागतो. कारण एका ठिकाणी प्रथिनांचे क्रम साठवलेले आहेत, दुसऱ्या ठिकाणी त्यांच्या त्रिमितीय रचना आणि तिसऱ्या ठिकाणी ती पेशीत काय काम करतात याच्या नोंदी. या तिघांची मोजणी जुळल्याशिवाय रचना आणि कार्य यांचे नाते कळत नाही. ती जुळवायला विज्ञानाला जवळजवळ अर्धे शतक लागले.

सगळे सुरू झाले एकाच गावात. केंब्रिजमध्ये फ्रेडरिक सँगर यांनी 1955 पर्यंत इन्सुलिनमधली सर्व 51 अमिनो आम्ले ओळीने लावली. प्रत्येक प्रथिनाला स्वतःचा ठरलेला क्रम असतो हे त्यातून पहिल्यांदा सिद्ध झाले. त्याच गावात जॉन केंड्रू स्पर्म व्हेलच्या मायोग्लोबिनचे स्फटिक क्ष-किरणांखाली धरून बसले होते. 1958 साली त्यांनी त्या प्रथिनाची पहिली ओबडधोबड आकृती प्रसिद्ध केली आणि दोन वर्षांत अणूंच्या जागा जवळपास ओळखू येतील इतकी ती स्पष्ट केली. मॅक्स पेरुट्झ यांनी हिमोग्लोबिनची रचना मांडली. 1962 साली केंब्रिजमधली रेण्वीय जीवशास्त्राची नवी प्रयोगशाळा उघडली तेव्हा सँगर, केंड्रू आणि पेरुट्झ एकाच इमारतीत आले. माणसे एका छताखाली आली, माहितीचे रस्ते मात्र तिथूनच फुटले. क्रमांचा संग्रह अमेरिकेत मेरीलँडमध्ये उभा राहिला आणि रचनांचा न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर. कार्याच्या बाबतीत तर 1961 मध्येच एका आंतरराष्ट्रीय आयोगाने विकरांना चार आकड्यांचे क्रमांक देऊन वेगळीच यादी केली होती. ती यादी रासायनिक अभिक्रियांची होती. अभिक्रिया घडवणाऱ्या प्रथिनाचा क्रम काय, आकार काय, याच्याशी तिला कर्तव्य नव्हते.

या सुरुवातीच्या काळात भारताचा वाटा मोठा आहे. मद्रासमध्ये गो. ना. रामचंद्रन, सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांनी 1963 मध्ये एक साधा प्रश्न विचारला: अणू एकमेकांवर आदळू न देता प्रथिनाची साखळी कोणकोणत्या कोनांत वळू शकते? उत्तराचा जो आलेख निघाला तो रामचंद्रन आलेख म्हणून जगभर शिकवला जातो. आज कुठलीही नवी रचना तपासताना तिचे कोन या आलेखाच्या परवानगीच्या भागात पडतात की नाही हे पाहिले जाते. डेटाबेस नावाची गोष्ट या क्षेत्रात रुजण्याआधीच तिच्या तपासणीचे साधन मद्रासमध्ये तयार झाले होते, हे आपल्याकडे पुरेसे सांगितले जात नाही.

मेरीलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंग इथे मार्गारेट डेहॉफ काम करत होत्या. त्यांचे शिक्षण पुंज रसायनशास्त्राचे. डॉक्टरेटसाठी त्यांनी पंचकार्डांच्या यंत्रांवर गणिते केली होती, त्यामुळे यंत्राला काय समजते आणि काय नाही याची त्यांना चांगली जाण होती. 1965 मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह प्रथिनांच्या क्रमांचे आणि रचनांचे एक छापील संकलन काढले. त्यात 65 प्रथिने होती. जगभरच्या नियतकालिकांत विखुरलेले क्रम वाचायचे, पडताळायचे, एकाखाली एक मांडायचे, असे ते काम. यंत्रातली जागा वाचावी म्हणून प्रत्येक अमिनो आम्लाला तीनऐवजी एकच अक्षर देण्याची पद्धत रुजवण्यात त्यांचा पुढाकार होता आणि ती आजही तशीच चालते. उत्क्रांतीच्या ओघात कोणते अमिनो आम्ल कोणत्याच्या जागी किती सहज येते, याचे तक्तेही त्यांनी बनवले. दूरचे नातेवाईक असलेली दोन प्रथिने ओळखायचे पहिले भरवशाचे माप त्या तक्त्यांमुळे मिळाले.

क्रम सारखा असेल तर रचनाही सारखी असेल, हा अंदाज याच दशकात एका सुंदर उदाहरणाने तपासला गेला. 1965 मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये डेव्हिड फिलिप्स आणि त्यांच्या गटाने लायसोझाइमची रचना उलगडली. रचना उलगडलेले हे पहिले विकर. अंड्याच्या पांढऱ्या भागात सापडणारे हे प्रथिन जिवाणूंची भिंत फोडते, आणि ती फोडताना साखरेची साखळी त्याच्या खोबणीत नेमकी कुठे बसते हे रचनेतून दिसू लागले. रचना पाहून कार्य समजल्याचा तो पहिला खरा आनंद होता. दोन वर्षांनी दुधातल्या अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन या प्रथिनाचा क्रम हाती आला आणि तो लायसोझाइमच्या क्रमाशी कमालीचा जुळला. 1969 मध्ये फिलिप्स यांच्या गटाने लायसोझाइमच्या साच्यावरून दुधातल्या प्रथिनाची प्रतिकृती बांधली. पुढे स्फटिकावरून प्रत्यक्ष रचना मिळाली तेव्हा मूळ घडी तीच निघाली.

पण काम? अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन कोणतीही भिंत फोडत नाही. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, तयार व्हायला ते मदत करते. घडी तीच, काम निराळे. एकाची माहिती डोळे मिटून दुसऱ्याला चिकटवली असती तर दुधातल्या या प्रथिनावर जिवाणूभक्षक असा शिक्का बसला असता. हा इशारा 1960 च्या दशकातच मिळाला होता. पुढे तो पुन्हा पुन्हा विसरला गेला.

जून 1971 मध्ये लाँग आयलंडवरच्या कोल्ड स्प्रिंग हार्बर इथे प्रथिनांच्या त्रिमितीय रचनेवर परिसंवाद भरला. तोपर्यंत ज्या थोड्या रचना उलगडल्या होत्या त्यांचे आकडे ज्याच्या त्याच्या कपाटात होते. दुसऱ्या कुणाला ते हवे असतील तर पत्र लिहायचे, कार्डांचे गठ्ठे टपालाने यायचे, त्यात चूक निघाली की पुन्हा पत्र. जवळच्याच ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेतले वॉल्टर हॅमिल्टन यांनी हे आकडे सांभाळायची तयारी दाखवली. केंब्रिजमध्ये स्फटिकरचनांचा संग्रह चालवणाऱ्या ओल्गा केनर्ड यांच्याशी त्यांनी बोलणे केले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात प्रोटीन डेटा बँकेची घोषणा झाली. तेव्हा तिच्यात 7 रचना होत्या. हॅमिल्टन 1973 मध्ये गेले, अगदी अकाली. त्यांचे काम थॉमस केट्झल यांनी पुढे नेले.

ते दशक संपले तरी रचनांची शंभरी भरली नव्हती. रचना उलगडायला वर्षे लागत, हे एक कारण. दुसरे कारण मन दुखावणारे आहे: लेख छापून यायचा, त्यात देखणी चित्रे असायची, आणि अणूंचे आकडे मात्र कुणी जमा करायचे नाही. ज्याने दहा वर्षे घालवली त्याला आपले आकडे दुसऱ्याच्या हाती द्यायला जड जात असेल, हे समजू शकते. पण चित्र म्हणजे पुरावा नव्हे. 1980 च्या दशकात अमेरिकेतले फ्रेडरिक रिचर्ड्स यांच्यासारख्या ज्येष्ठांनी सह्यांची मोहीम काढली. 1989 मध्ये आंतरराष्ट्रीय स्फटिकशास्त्र संघाने आकडे जमा करण्याचे नियम ठरवले आणि मग हळूहळू नियतकालिकांनीही डेटा बँकेचा क्रमांक नसेल तर लेख छापायचे नाकारले. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत निर्णायक क्षण हाच. त्यानंतर जे जे घडले ते या सक्तीवर उभे आहे.

क्रमांच्या बाजूला दरम्यान एक खळबळ उडाली होती. माकडांत कर्करोग घडवणाऱ्या एका विषाणूचे जनुक माहीत होते, ते पेशीला का बिघडवते हे माहीत नव्हते. 1983 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोचे रसेल डूलिटल यांनी त्या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाचा क्रम स्वतः जमवलेल्या संग्रहाशी ताडून पाहिला. तो जुळला रक्तातल्या बिंबाणूंमधून स्रवणाऱ्या एका वाढघटकाशी, जो जखम भरताना पेशींना वाढायला सांगतो. लंडनमध्ये मायकेल वॉटरफील्ड यांचा गट त्याच निष्कर्षाला पोहोचला होता. कर्करोगाचे जनुक म्हणजे शरीराच्याच एका नेहमीच्या आज्ञेची नको तिथे चाललेली नक्कल होती, हे परीक्षानळीला हात न लावता, नोंदींची तुलना करून कळले. त्या दिवसापासून क्रमांचे संग्रह ही ग्रंथपालांची बाब राहिली नाही.

जिनिव्हा विद्यापीठात तेव्हा आमोस बैरॉख नावाचा तरुण संशोधक प्रथिनांच्या अभ्यासासाठी संगणकप्रणाली लिहीत होता. तिला क्रम लागत, म्हणून त्याने शेकडो क्रम स्वतः टंकित केले. डेहॉफ यांच्या संग्रहाची इलेक्ट्रॉनिक प्रत त्याला मिळाली, पण तिची मांडणी यंत्राला वाचायला अडचणीची होती. त्याने ती स्वतःच्या रीतीने बदलून घेतली आणि जुलै 1986 मध्ये स्विस-प्रॉट नावाने सुमारे 3,900 क्रमांचा पहिला संच लोकांना दिला. प्रत्येक ओळीच्या आरंभी दोन अक्षरांची खूण: नाव कुठले, जीव कुठला, काम काय, सक्रिय जागा कितवी, गंधकाचे बंध कुठून कुठे. त्यातच एक ओळ अशी होती की हेच प्रथिन दुसऱ्या डेटाबेसात कोणत्या क्रमांकाने सापडेल. डीएनएच्या संग्रहात कुठे, प्रोटीन डेटा बँकेत कुठे. आज ही जोडणी इतकी साहजिक वाटते की ती आधी कुणी सर्रास केली नव्हती यावर विश्वास बसत नाही. हायडेलबर्गमध्ये थुरे एटझोल्ड यांनी पुढे याच जोडओळींवरून एका संग्रहातून दुसऱ्यात जाणारी शोधप्रणाली बनवली. 1993 मध्ये जिनिव्हाचा संग्रह जाळ्यावर आला, जीवशास्त्रातला तो पहिल्या संकेतस्थळांपैकी एक.

आणि तीनच वर्षांनी तो बंद पडायची वेळ आली. नवे संशोधन नाही, जुन्याची देखभाल आहे, मग अनुदान कशाच्या नावाने द्यायचे, असा तो पेच होता. 1996 मध्ये बैरॉख यांनी इंटरनेटवरून जगाला सांगितले की पैसे संपले आहेत, संग्रह बंद करावा लागेल. जगभरातून पत्रांचा पाऊस पडला. तात्पुरता निधी मिळाला, 1998 मध्ये स्विस जैवमाहिती संस्था स्थापन झाली, काही वर्षे कंपन्यांकडून परवान्याचे पैसे घेऊन काम चालले. 2002 मध्ये जिनिव्हा, इंग्लंडमधली युरोपीय जैवमाहिती संस्था आणि डेहॉफ यांच्या कामाचा वारसा चालवणारा अमेरिकी गट एकत्र येऊन युनिप्रॉट झाले, आणि सर्वांना खुले झाले.

पुण्याचा उल्लेख इथे करायलाच हवा. भारत सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात देशभर जैवमाहिती केंद्रांचे जाळे उभारले, त्यांपैकी एक पुणे विद्यापीठात सुरू झाले. ते वाढवणारे आणि पुढे विद्यापीठाचे कुलगुरू झालेले अशोक कोळसकर यांनी पूर्वी रामचंद्रन यांच्याबरोबर प्रथिनांच्या साखळीवर काम केले होते. 1990 मध्ये कोळसकर आणि टोणगावकर यांनी एक पद्धत प्रसिद्ध केली: प्रथिनाच्या कोणत्या तुकड्याला शरीराची प्रतिकारयंत्रणा ओळखेल, याचा अंदाज नुसत्या क्रमावरून. प्रयोगांनी सिद्ध झालेल्या अशा तुकड्यांची माहिती गोळा करायची, त्यांत कोणती अमिनो आम्ले जास्त येतात ते मोजायचे, त्यांचे भौतिक गुण त्यात मिसळायचे. सुमारे 75 टक्के अचूकतेचा त्यांचा दावा होता. लशींवर काम करणारे जगभरचे लोक ही पद्धत आजही त्याच दोन आडनावांनी वापरतात.

1990 च्या दशकात रचना भराभर येऊ लागल्या आणि त्यांचे वर्गीकरण करण्याची गरज पडली. केंब्रिजमध्ये अलेक्सी मुर्झिन आणि सायरस चोथिया यांच्या गटाने, लंडनमध्ये क्रिस्टीन ओरेंगो आणि जेनेट थॉर्नटन यांच्या गटाने घड्यांची कुळे लावली. निसर्गातली बहुतेक प्रथिने हजारेक कुळांतच बसतील असा अंदाज चोथिया यांनी 1992 मध्येच मांडला होता. मग उलटा प्रवास सुरू झाला. पूर्वी कार्य माहीत असलेल्या प्रथिनाची रचना शोधत, आता कार्य माहीत नसलेल्याची रचना आधी हाती येऊ लागली. 1998 मध्ये बर्कलीत सुंग-हू किम यांच्या गटाने एका आदिम सूक्ष्मजीवाच्या अनोळखी प्रथिनाचे स्फटिक उलगडले, तर आत एटीपी हा ऊर्जा वाहणारा रेणू बसलेला दिसला. तो कुणी घातला नव्हता, प्रथिनाने तो पेशीतूनच धरून आणला होता. त्यावरून प्रयोग झाले आणि त्याच्या कामाचा माग लागला.

असे भाग्य क्वचितच लाभते. एरवी अनोळखी प्रथिनाला जवळच्या नातेवाइकाचे काम जोडून दिले जाई आणि दुधातल्या प्रथिनाचा धडा कुणाला आठवत नसे. 1999 मध्ये स्टीव्हन ब्रेनर यांनी एका लहानशा जिवाणूच्या जनुकांना तीन वेगवेगळ्या गटांनी दिलेली वर्णने शेजारी ठेवली. 340 जनुकांच्या त्या तुलनेत किमान 8 टक्के वर्णने चुकीची असणार हे स्पष्ट झाले. चुकीची नोंद एका संग्रहातून दुसऱ्यात उतरते, तिथून तिसऱ्यात, आणि तिसरा वाचणाऱ्याला ती तीन ठिकाणी सापडल्यामुळे खरी वाटते. म्हणून 1998 पासून उभ्या राहिलेल्या जनुककार्याच्या सामाईक शब्दकोशाने प्रत्येक विधानामागे पुरावा कसला आहे हे लिहिणे बंधनकारक केले: प्रयोग, तुलना, की यंत्राचा अंदाज. मला ही सुधारणा कोणत्याही नव्या गणिती पद्धतीपेक्षा मोठी वाटते.

तरीही क्रमांकांचा गुंता सुटला नव्हता. प्रोटीन डेटा बँकेत साखळीतल्या जागांना क्रमांक द्यायचा अधिकार रचना उलगडणाऱ्याचा. एका मोठ्या विकरकुळात सगळेजण कायमोट्रिप्सिन या प्रथिनाचे क्रमांक वापरत. सक्रिय सेरिन 195 वे म्हणायचे, मग आपल्या प्रथिनात ते प्रत्यक्ष कितवेही असो. मध्ये जागा कमी पडल्या तर आकडे गाळायचे, जास्त झाल्या तर अक्षर जोडायचे. शिवाय साखळीचे काही भाग स्फटिकात इतके हलते असतात की दिसतच नाहीत. काही ठिकाणी शुद्धीकरणासाठी मुद्दाम जोडलेले शेपूट असते, कुठे दोन प्रथिने जोडून एक केलेले असते. आपल्याकडे एकत्रीकरणानंतर जुन्या सर्व्हे नंबरांचे नवे गट नंबर झाले आणि दोन्हींची सांगड घालणारा तक्ता नसेल तर शेत कोणाचे हे सांगता येईना, तशी ही अवस्था होती.

तो तक्ता इंग्लंडमधल्या हिंक्स्टन इथे तयार झाला. युरोपीय जैवमाहिती संस्थेत किम हेनरिक यांचा रचनागट आणि युनिप्रॉटचा गट शेजारी काम करत होते. 2000 नंतरच्या वर्षांत त्यांनी ‘सिफ्ट्स’ नावाचा प्रकल्प उभारला. डेटा बँकेतल्या प्रत्येक साखळीतले प्रत्येक अमिनो आम्ल युनिप्रॉटमधल्या कोणत्या जागेशी जुळते हे त्यात नोंदवले जाते आणि दर आठवड्याच्या नव्या रचनांसह अद्ययावत केले जाते. या कामातले एक प्रमुख नाव समीर वेलणकर यांचे, पुढे हिंक्स्टनच्या रचनागटाची धुराही त्यांच्याकडे आली. या तक्त्यामुळे हिमोग्लोबिनच्या रचनेतली सहावी जागा म्हणजे क्रमातली सातवी, हे यंत्र स्वतः जाणू लागले. आणि एकदा जागा जुळली की तिच्यामागून सगळे ओढले जाते: घडीचे कूळ, विकराचा क्रमांक, कार्याचा शब्द, रुग्णांत सापडलेले बदल. रुग्णाच्या जनुकातला नवा बदल सक्रिय जागेपासून किती दूर आहे, हा प्रश्न आता काही मिनिटांचा झाला.

2020 मध्ये अल्फाफोल्ड या संगणकप्रणालीने क्रमावरून रचनेचे भाकीत करण्यात जे यश मिळवले ते सर्वांनी वाचले आहे, आणि 2024 चे रसायनशास्त्राचे नोबेल डेव्हिड बेकर, डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांना मिळाले. ते यंत्र शिकले प्रोटीन डेटा बँकेवर, म्हणजे आकडे जमा करण्याच्या सक्तीवर. त्याने भाकीत केलेल्या 20 कोटींहून अधिक रचना हिंक्स्टनमध्येच ठेवल्या गेल्या, युनिप्रॉटच्या क्रमांकांनी. भाकितातून रचना मिळते, काम मिळत नाही. माणसांनी लेख वाचून, पुरावा पाहून पडताळलेल्या स्विस-प्रॉटच्या नोंदी पावणेसहा लाखांच्या आसपास आहेत. बाकीच्या कोट्यवधींना यंत्राने लावलेली लेबले आहेत.

हे सारे संग्रह महाराष्ट्रातल्या कोणत्याही महाविद्यालयातून विनामूल्य उघडता येतात. जीवशास्त्र शिकवणाऱ्यांना आणि शिकणाऱ्यांना एवढीच विनंती आहे: ज्या प्रथिनावर काम करत असाल त्याची नोंद उघडा, प्रत्येक विधानामागचा पुरावा कसला आहे ते पाहा, आणि तुमच्या हाताशी चूक दाखवणारा किंवा भर घालणारा लेख असेल तर कळवा. युनिप्रॉटच्या प्रत्येक नोंदीवर तशी सोय दिलेली आहे.